उन्हाचाही हिशेब ठेवावा लागतो

सूर्यप्रकाश फुकट मिळतो, त्याला ना खाण लागते ना रेल्वेच्या वाघिणी, असे सौरऊर्जेविषयी बोलताना नेहमी सांगितले जाते. ते खरेही आहे. परंतु कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात एक गोष्ट सोपी असते. तेथे येणारा कोळसा काट्यावर तोलला जातो, त्याचे उष्मांकमूल्य प्रयोगशाळेत तपासले जाते आणि किती टन कोळशातून किती युनिट वीज मिळाली, याचा ताळा मांडता येतो. सौरप्रकल्पाचे इंधन आकाशातून येते. ते साठवून ठेवता येत नाही, काट्यावर घालता येत नाही आणि उद्या किती येईल, याची हमीही कोणी देत नाही. असे असूनही प्रकल्पाला शेकडो कोटी रुपयांचे कर्ज देणाऱ्या बँकेला एका प्रश्नाचे उत्तर हवे असते. येत्या पंचवीस वर्षांत या विशिष्ट माळरानावर नेमके किती ऊन पडेल? हे उत्तर जितके अचूक, तितकी वीज स्वस्त. ते चुकले, तर प्रकल्पाचा पायाच डळमळतो.

भारताची सौरवीजनिर्मितीची स्थापित क्षमता जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. या आकड्यामागे पॅनलची घसरलेली किंमत, सरकारी धोरणे, जमीन, पारेषण वाहिन्या अशी अनेक कारणे आहेत आणि त्यांची चर्चाही पुष्कळ होते. काचेचा एक छोटा घुमट बसवलेले, दिवसभर आकाशाकडे पाहत राहणारे मोजमापाचे उपकरण मात्र या चर्चेत सहसा येत नाही. वास्तविक सारा हिशेब तेथूनच सुरू होतो.

ऊन म्हणजे उष्मा नव्हे

पृथ्वीच्या वातावरणाच्या माथ्यावर, सूर्यकिरणांना काटकोनात धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १३६१ वॉट इतकी सौरऊर्जा पोहोचते. तेथून जमिनीपर्यंत येताना हवेतील वायू, बाष्प, धूळ, धूर आणि ढग हे सारे आपापला वाटा काढून घेतात. काही किरण शोषले जातात, काही माघारी परततात, तर काही विखुरतात. निरभ्र दिवशी भर दुपारी जमिनीवर चौरस मीटरमागे सुमारे १००० वॉट उरतात. दिवसभराची बेरीज केली, तर भारताच्या बहुतेक भागांत वार्षिक सरासरीने चौरस मीटरमागे रोज चार ते सात युनिट इतकी ऊर्जा पडते. शास्त्रीय परिभाषेत हिला ‘सौर प्रारण’ म्हणतात.

हे प्रारण दोन वाटांनी येते. सूर्यबिंबाकडून सरळ रेषेत येणारे ते ‘थेट’ प्रारण. त्याच्यामुळेच आपली सावली पडते. हवेतील कणांनी आणि ढगांनी विखुरल्यामुळे साऱ्या आकाशातून येणारे ते ‘विसरित’ प्रारण. आषाढातल्या ढगाळ दिवशी सावली पडत नाही, तरी खोलीत उजेड असतो, तो याच विसरित प्रारणामुळे. आडव्या जमिनीवर दोहोंची मिळून जी बेरीज पडते, ते ‘एकूण’ प्रारण.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. घरांच्या गच्चीवर दिसणारे सिलिकॉनचे पॅनल थेट आणि विसरित अशा दोन्ही प्रारणांपासून वीज करतात. आरशांनी किरण एका नळीवर वा मनोऱ्यावर एकवटून, त्या उष्णतेवर वाफ तयार करणाऱ्या औष्णिक सौरप्रकल्पाला मात्र केवळ थेट प्रारणच चालते. भिंगाने कागद जाळायचा असेल, तर आकाश स्वच्छ असावे लागते, तसेच हे आहे. हवेत धुरकट पडदा असेल, तर एकूण प्रारण थोडेसेच घटते, पण थेट प्रारण बरेच घटते. एकाच गावातील हवा एका प्रकारच्या प्रकल्पाला पुरेशी आणि दुसऱ्याला अपुरी ठरू शकते, ती यामुळे.

आणखी एक गैरसमज सर्रास आढळतो. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा सौरवीजही सर्वाधिक मिळत असणार, असे अनेकांना वाटते. परंतु पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनलची क्षमता २५ अंश सेल्सियस तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशागणिक सिलिकॉनच्या पॅनलचे उत्पादन साधारण ०.३५ ते ०.४ टक्क्याने घटते. उन्हात तापून पॅनलचे तापमान ६५ अंशांवर गेले, तर सुमारे १५ टक्के वीज केवळ उष्म्यापायी जाते. उंचावरच्या लडाखमध्ये आकाश स्वच्छ आणि हवा थंड असते. त्यामुळे सौरवीजनिर्मितीला तेथील परिस्थिती अतिशय अनुकूल आहे. म्हणूनच प्रारणाबरोबर हवेचे तापमान, वाऱ्याचा वेग, आर्द्रता आणि पाऊस हेही मोजावे लागते. वारा पॅनलला थंड करतो, पण वादळी वारा पॅनलचा सांगाडा उखडूही शकतो. पाऊस प्रकाश अडवतो, पण पॅनलवरची धूळही धुऊन नेतो.

काचेच्या घुमटाखाली

ऊन मोजण्याचे सर्वांत परिचित जुने साधन म्हणजे काचेचा भरीव गोळा. जॉन फ्रान्सिस कॅम्पबेल यांनी १८५३ मध्ये योजलेल्या या उपकरणात जॉर्ज स्टोक्स यांनी १८७९ मध्ये सुधारणा केली. गोळ्यातून एकवटलेले किरण मागच्या कागदी पट्टीवर जळका डाग उमटवतात. सूर्य सरकतो तसा डाग लांबत जातो, ढग आला की तुटतो. संध्याकाळी पट्टी काढून डागाची लांबी मोजली की, दिवसभरात किती तास ऊन होते ते कळते. किती वेळ ऊन होते हे या साधनाने समजते. ते किती तीव्र होते हे मात्र समजत नाही.

तीव्रता मोजण्याचे काम पायरॅनोमीटर करतो. काचेच्या दुहेरी घुमटाखाली काळा लेप दिलेली एक चकती असते. चकती प्रकाश शोषून तापते, उपकरणाचा खालचा भाग तुलनेने थंड राहतो आणि या दोहोंच्या तापमानातील फरकातून सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. हा दाब किती अल्प असतो? भर दुपारच्या पूर्ण उन्हातही तो साधारण दहा मिलिव्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे घड्याळातल्या साध्या सेलच्या दाबाचा जेमतेम दीडशेवा भाग. त्यामुळे घुमटावर बसलेली धूळ, पहाटेचे दव किंवा पक्ष्याची विष्ठा एवढ्यानेही वाचन बिघडते. प्रारण मोजणारी चांगली केंद्रे घुमट नियमितपणे पुसण्याचा आग्रह धरतात, तो यासाठी. लाखो रुपयांच्या यंत्रणेची विश्वासार्हता शेवटी स्वच्छ फडके घेऊन जाणाऱ्या कर्मचाऱ्यावर अवलंबून असते.

थेट प्रारण मोजणारे पायरहेलिओमीटर हे दुर्बिणीसारख्या नळीचे उपकरण असते. दिवसभर सूर्यबिंबावर रोखून ठेवण्यासाठी ते सूर्याचा माग काढणाऱ्या फिरत्या यंत्रावर बसवतात. त्याच यंत्रावर आणखी एका पायरॅनोमीटरवर छोट्या चकतीची सावली सतत धरलेली असते. सूर्यबिंब झाकले गेल्यामुळे त्याला केवळ विसरित प्रारण दिसते.

तीन उपकरणे का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडते. समजा, सूर्य क्षितिजापासून ६० अंश उंचीवर आहे, थेट प्रारण ८०० वॉट आणि विसरित प्रारण २०० वॉट आहे. किरण तिरपे पडत असल्याने आडव्या जमिनीच्या वाट्याला थेट प्रारणातील ०.८६६ भाग, म्हणजे ६९३ वॉट येतात. त्यांत २०० मिळवले की, ८९३ होतात. उघड्या पायरॅनोमीटरनेही याच्या जवळपासचा आकडा दाखवायला हवा. त्याने ८४० दाखवले, तर घुमटावर धूळ आहे, नळी सूर्यावरून सरकली आहे किंवा सावलीची चकती जागेवर नाही, असे समजावे. जमाखर्चाच्या दोन बाजू जुळल्याशिवाय ताळेबंद मान्य होत नाही, तसाच हा प्रकार आहे.

उपकरणाचा काळा लेप वर्षानुवर्षे उन्हात फिका पडतो, म्हणून ठरावीक काळाने प्रत्येक उपकरण प्रमाण उपकरणाशी ताडून पाहावे लागते. या प्रमाणांची साखळी स्वित्झर्लंडमधील डाव्होस येथील जागतिक प्रारण केंद्रापर्यंत पोहोचते. तेथे दर पाच वर्षांनी देशोदेशीची प्रमाण उपकरणे एकाच सूर्याकडे रोखून त्यांची तुलना करण्याची परंपरा आहे.

पुण्याचा वारसा

भारतातील प्रारणमापनाचा इतिहास पुण्याशी घट्ट जोडलेला आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून शिवाजीनगरची ती वास्तू आजही ‘सिमला ऑफिस’ या नावाने ओळखली जाते. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, पण उपकरणांचा विभाग पुण्यातच राहिला. याच विभागात १९४८ मध्ये अॅना मणी रुजू झाल्या. १९१८ मध्ये केरळमधील पीरमेड येथे जन्मलेल्या मणी यांनी बंगळुरू येथे सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत संशोधन केले होते. त्यानंतर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये त्यांनी हवामानशास्त्रीय उपकरणांचा अभ्यास केला.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या काळात साधी उपकरणेही परदेशातून मागवावी लागत. मणी यांनी सुमारे शंभर हवामान उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून त्यांची निर्मिती देशात करण्याचा मार्ग मोकळा केला. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून साजरे झाले. त्या निमित्ताने देशात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारण्याचे काम त्यांनी हाती घेतले. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, अशी त्यांची धारणा होती. त्या वेळी सौरवीज हा कोणाच्या नित्य विचाराचा विषय नव्हता. तरीही केंद्रांवर रोज नोंदी होत राहिल्या आणि १९८० मध्ये त्यांचे ‘हँडबुक ऑफ सोलर रेडिएशन डेटा फॉर इंडिया’ प्रसिद्ध झाले. सौर बंब, सौर पंप, सौर कंदील यांचे आराखडे करणाऱ्या अभियंत्यांच्या पुढच्या पिढ्यांना हा ग्रंथ उपयोगी पडला. निवृत्तीनंतर मणी यांनी देशातील पवनऊर्जेच्या मोजणीचेही मोठे काम केले. २००१ मध्ये तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

दीर्घकाळच्या नोंदींचे मोल २००७ मध्ये वेगळ्या रीतीने दिसले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी देशातील १२ केंद्रांच्या १९८१ ते २००४ या काळातील नोंदी तपासल्या. जमिनीवर पोहोचणारे सौर प्रारण सरासरीने दरवर्षी चौरस मीटरमागे सुमारे ०.८६ वॉटने घटत असल्याचे त्यांना आढळले. हवेतील धूर आणि सूक्ष्म कण यांचा वाढता थर हे अशा घटीचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. सूर्य तोच, पण त्याच्या आणि आपल्या मध्ये आपणच पडदा धरला आहे. हवेचे प्रदूषण हा जसा फुप्फुसांचा प्रश्न आहे, तसाच तो वीजनिर्मितीचाही आहे.

एका घाईचा धडा

जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानाची घोषणा झाली. २०२२ पर्यंत २० हजार मेगावॉट हे तेव्हाचे उद्दिष्ट होते. ते २०१५ मध्ये एक लाख मेगावॉटपर्यंत वाढवण्यात आले. अभियानाच्या पहिल्या टप्प्यात आरशांवर चालणाऱ्या औष्णिक सौरप्रकल्पांना मोठा वाटा मिळाला. एकूण ४७० मेगावॉटचे सात प्रकल्प बोलीने निवडले गेले. त्यांपैकी राजस्थानातील दोन आणि आंध्र प्रदेशातील एक, एवढेच थोड्याफार विलंबाने २०१३ आणि २०१४ मध्ये सुरू झाले. बाकीचे रखडले.

यामागे कारणे अनेक होती. सामग्री आयात करावी लागत होती, अनुभव तोकडा होता आणि त्याच सुमारास साध्या पॅनलच्या किमती कोसळत होत्या. परंतु एक कारण आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. बोली लावणाऱ्यांच्या हाती प्रकल्पाच्या जागेवरची थेट प्रारणाची मोजमापे नव्हती. मुख्यतः उपग्रहांवरून काढलेले अंदाज होते. पुढे जागेवर उपकरणे लागली, तेव्हा थेट प्रारण अनेक ठिकाणी अंदाजापेक्षा कमी भरले. वाळवंटातील हवेत धूळ असते, ही जगजाहीर गोष्ट गणितात पुरेशी उतरली नव्हती.

ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्रीय नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने चेन्नईच्या पवनऊर्जा तंत्रज्ञान केंद्राकडे काम सोपवले. हीच संस्था आता राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था म्हणून ओळखली जाते. २०११ मध्ये पहिल्या टप्प्यात देशभर ५१ स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. त्यांत राजस्थान आणि गुजरातचा वाटा सर्वांत मोठा होता. पुढच्या टप्प्यात ही संख्या शंभरावर गेली. प्रत्येक केंद्रात दोन मनोरे असतात. दीड मीटर उंचीच्या मनोऱ्यावर प्रारणाची तिन्ही उपकरणे असतात, तर सहा मीटरच्या मनोऱ्यावर तापमान, आर्द्रता, वायुभार, वारा आणि पाऊस मोजणारी साधने. दर सेकंदाला वाचन घेऊन त्याची एक मिनिटाची सरासरी नोंदली जाते. केंद्र स्वतःच्या छोट्या सौरपॅनलवरच चालते.

मग उपग्रह निरुपयोगी समजायचे काय? मुळीच नाही. जमिनीवरचे केंद्र एका जागेचे सांगते, उपग्रह साऱ्या देशाचे सांगतो. केंद्राकडे एक-दोन वर्षांची नोंद असते, उपग्रहांच्या चित्रांचा साठा काही दशकांचा असतो. उपग्रह ढगांची चकाकी पाहून जमिनीवर किती प्रकाश पोहोचला असेल, याचा अंदाज बांधतो. ढगांच्या बाबतीत तो चांगला जमतो, धुरळ्याच्या बाबतीत फसतो. म्हणून प्रकल्पाच्या जागेवर किमान वर्षभर, साऱ्या ऋतूंतून मोजमाप करायचे, त्याच वर्षाच्या उपग्रही अंदाजाशी ते ताडायचे आणि जो फरक निघेल, त्याच्या आधारे मागच्या वीस वर्षांचे उपग्रही आकडे दुरुस्त करायचे, अशी रीत आता रूढ झाली आहे.

बँकेचे गणित

या अचूकतेची किंमत रुपयांत काढता येते. समजा, १०० मेगावॉटच्या प्रकल्पातून वर्षाला सरासरी २० कोटी युनिट वीज अपेक्षित आहे. ही सरासरी आहे, म्हणजे प्रत्यक्षातील उत्पादन त्याहून कमी निघण्याची शक्यता निम्मी. अशा आकड्यावर बँक कर्ज देत नाही. दहापैकी नऊ वेळा गाठता येईल, असा खालचा आकडा ती मागते. अंदाजातील अनिश्चितता ५ टक्के असेल, तर संख्याशास्त्रानुसार हा आकडा १८.७२ कोटी युनिट येतो. मोजमापे कच्ची असून अनिश्चितता ८ टक्के असेल, तर तो १७.९५ कोटींवर उतरतो. फरक ७७ लाख युनिटांचा. युनिटमागे अडीच रुपये धरले, तरी वर्षाला १ कोटी ९२ लाख रुपयांचे उत्पन्न बँकेच्या हिशेबातून वगळले जाते. ऊन तेवढेच, पॅनल तेवढीच. केवळ खात्री कमी असल्याने कर्ज कमी मिळते किंवा महाग मिळते. त्याचा भार शेवटी विजेच्या दरावर येतो.

प्रकल्प सुरू झाल्यावरही मोजणी थांबत नाही. वीजजाळ्याच्या व्यवस्थापनात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागात किती वीज देणार, हे प्रकल्पाला आधी कळवावे लागते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने यासाठी २०१८ मध्ये नियम केले. अंदाज ठरावीक मर्यादेपलीकडे चुकला, तर आकार भरावा लागतो. धुळे जिल्ह्यातील साक्री येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. एवढ्या मोठ्या प्रकल्पावर ढगाची सावली सरकते, तेव्हा काही मिनिटांत पुष्कळ वीज कमी होते. तिची जागा घ्यायला जलविद्युत वा अन्य केंद्र तयार ठेवायचे, तर ढग येण्याआधी त्याची चाहूल लागली पाहिजे.

गच्चीवरचा हिशेब

हा सारा खटाटोप वाळवंटातल्या अवाढव्य प्रकल्पांपुरताच आहे, असे समजण्याचे कारण नाही. घरांच्या छपरांवर सौरपॅनल बसवण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू झाली. तिचे उद्दिष्ट एक कोटी घरांचे आहे. शहरांतील गृहनिर्माण संस्थाही गच्चीवर पॅनल बसवत आहेत. महाराष्ट्रात एक किलोवॉट क्षमतेमागे दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, असा ढोबळ हिशेब कंत्राटदार सांगतात. प्रत्यक्षात एखाद्या महिन्यात वीज कमी मिळाली, तर वाद सुरू होतो. संस्था म्हणते पॅनल सदोष आहेत, कंत्राटदार म्हणतो ढग होते.

पॅनलच्या पातळीत बसवलेला छोटा प्रारणमापक हा वाद मिटवू शकतो. चौरस मीटरवर एक युनिट ऊन पडले, तर एक किलोवॉटच्या पॅनलने आदर्श स्थितीत एक युनिट वीज द्यावी, असे साधे गणित आहे. उष्णता, धूळ, तारा आणि इन्व्हर्टर यांतील घट धरता ७५ ते ८० टक्के मिळाले, तर संच निरोगी समजावा. २० किलोवॉटच्या संचाने जुलैतल्या एखाद्या दिवशी ४७ युनिट दिले आणि त्या दिवशीचे ऊन ३ युनिट होते, तर आदर्श उत्पादन ६० युनिट होते. म्हणजे ७८ टक्के मिळाले, तक्रारीला जागा नाही. उलट फेब्रुवारीत त्याच संचाने ८० युनिट दिले, म्हणून सारे खूश असतील. पण त्या दिवशीचे ऊन ६ युनिट असेल, तर आदर्श उत्पादन १२० युनिट होते आणि मिळाले जेमतेम ६७ टक्के. तेथे निश्चित काहीतरी बिघडले आहे. पॅनल धुण्याची वेळ झाली आहे, शेजारच्या नव्या इमारतीची सावली पडते आहे किंवा एखादी जोडणी सुटली आहे. केवळ विजेचे आकडे पाहणाऱ्याला जुलैमध्ये दोष दिसला असता आणि फेब्रुवारीतला दोष सुटला असता.

म्हणून मोठ्या गृहनिर्माण संस्थांनी, शाळा-महाविद्यालयांनी आणि रुग्णालयांनी सौरसंचाचा करार करतानाच दोन गोष्टी मागून घ्याव्यात. एक म्हणजे प्रारणमापक आणि त्याच्या ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीची तरतूद. दुसरी म्हणजे, हमी नुसत्या युनिटांची न घेता पडलेल्या उन्हाच्या प्रमाणात घ्यावी. खर्च संचाच्या किमतीच्या मानाने थोडा आहे. शासकीय पातळीवरही केंद्रे उभारण्याइतकेच ती चालती ठेवण्याकडे लक्ष हवे. उपकरणे वेळेवर ताडून पाहणे, घुमट पुसणाऱ्या माणसाला त्याच्या कामाचे महत्त्व समजावून देणे आणि जमलेल्या नोंदी अभ्यासकांना सुलभपणे उपलब्ध करणे, ही कामे उद्घाटनाच्या फितीएवढी दिसत नाहीत. पण आज नीट नोंदलेले ऊनच पुढच्या पंचवीस वर्षांच्या प्रकल्पांचा आधार ठरणार आहे, आणि न नोंदलेला दिवस पुन्हा मोजता येत नाही.